पुढच्या हंगामाचा संघ

आमच्या क्रिकेट क्लबात निवड समिती म्हणजे मी एकटा. गुडघा गेला आणि खेळणं सुटलं, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. ज्याला स्वतःला धावता येत नाही त्याला दुसऱ्यांच्या धावण्यातल्या चुका काढायला बसवायचं, हा रिवाज सगळीकडेच आहे, त्यामुळे मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कारखान्यांच्या शहरात आम्ही राहतो. बहुतेकांचं काम तासाभराच्या अंतरावर, रास अल खैरच्या बाजूला. शुक्रवार सुट्टीचा, आणि सूर्य तापायच्या आत जेवढं खेळून होईल तेवढं आपलं. मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू, मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर अंथरलेली काथ्याची मॅट. क्लबाचे संघ दोन. 'ए' संघ लीगमध्ये खेळतो आणि 'बी' संघ त्याला माणसं पुरवतो. उन्हाळा ओसरत आला की मी तीन-चार शुक्रवार 'बी' संघाच्या सामन्यांना खुर्ची टाकून बसतो. कोण वर यायच्या लायकीचा आहे, कोणाला अजून वर्षभर भाजू द्यायचं, कोणाचे दिवस भरले, ते बघतो. मग येत्या हंगामाचा पंधरा जणांचा संघ लिहितो आणि त्याच्या पुढच्या दोन हंगामांचा मनात मांडून ठेवतो.

दुसरीकडे कुठे हे काम करणारा माणूस मनगट बघेल, पायांची हालचाल बघेल. इथे आधी बघायचं ते हे, की हा माणूस पुढच्या वर्षी या देशात असेल का. मुलगा कितीही चांगला असो, त्याच्याभोवती गोलंदाजी उभी करावी आणि डिसेंबरात त्याच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का बसावा, मग काय घेऊन बसायचं? मला हे काम शिकवलं ते माझ्या आधीच्या निवडकर्त्यांनी. पुण्याचे, वयाने वडीलधारे, बोलायला तुसडे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मनगट नंतर बघ. आधी घरी चहाला जा आणि खोकं बघ."

खोकं म्हणजे टीव्हीचं खोकं. इथे माणूस टीव्ही घेतो, तेव्हा त्याचं रिकामं खोकं, आतल्या थर्माकोलसकट, कुठे ठेवतो ते बघायचं. कपाटावर, पलंगाखाली, बाल्कनीत प्लास्टिक गुंडाळून ठेवलं असेल, तर त्याला ते पुन्हा भरायचं आहे. फेकून दिलं असेल तर तो टिकणार. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीतला कढीपत्ता कंबरेएवढा झाला असेल तर तो नक्की टिकणार, त्याला बेधडक तीन हंगामांसाठी धरावं. "खोकं ठेवणारा माणूस इथे राहत नसतो, नुसता थांबलेला असतो," असं ते म्हणत. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. पुढे ते साठीला आले, निवृत्त झाले आणि पुण्याला गेले.

मग मी चहाला जायला लागलो. आणि गंमत म्हणा, माझेही अंदाज बरोबर येऊ लागले. मुंबईचा एक सलामीचा फलंदाज होता, देखणा खेळायचा, पण घरात छतापर्यंत खोकी. मी त्याला धरला नाही. थंडी संपायच्या आत तो गेला. नाशिकचा, म्हणजे माझ्याच गावचा, एक ऑफस्पिनर असाच गेला. इथवर ठीक होतं. पण नंतर एका वेगवान गोलंदाजाला मी वगळलं ते निव्वळ त्याची गोलंदाजी बसली म्हणून. त्याच्या घरात एकही खोकं नव्हतं, बाल्कनीत टोमॅटो लागले होते. दोन महिन्यांत त्याचा प्रकल्पच गुंडाळला गेला.

तेव्हापासून लोकांची माझ्याकडे बघायची नजर बदलली. याची जीभ काळी आहे, असं बायकांमध्ये बोललं जाऊ लागलं. याच्या संघात नाव असलं तर माणूस वर्षभर हलत नाही, आणि नसलं तर सामान बांधायला घ्यावं. मी चहाला येणार कळलं की खोकी शेजाऱ्यांकडे जायची आणि मी गेलो की परत यायची. माझ्या बायकोने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसत होती. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसत नव्हती.

त्यात भर म्हणजे माझी नोकरी. मी मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये बसतो. कुठला पंप कधी उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह शटडाउनमध्ये घ्यायचा, एवढंच माझ्यासमोर असतं. कोणत्या माणसाला कधी काढायचं हे मला आमच्या चहावाल्यानंतर कळतं. पण लोकांना वाटतं, याच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांचं भविष्य आहे आणि हा ते क्रिकेटच्या आडून सांगतो.

मी इंजिनिअर माणूस. काटा जे दाखवतो त्यावर माझा विश्वास. तरी खरं सांगायचं तर त्या मैदानावर मला भीती वाटायला लागली होती. या देशात आमच्यातले मेलेले फार थोडे, पण गेलेले किती. मेलेल्याची निदान राख होते, बारावं-तेरावं होतं. गेलेला माणूस गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर जातो आणि शुक्रवारी त्याच्या जागेवर दुसरा कोणीतरी क्षेत्ररक्षण करत असतो. डीप मिडविकेटच्या मागच्या तुकड्याला आमच्याकडे अजून 'डॉक्टरचा कोपरा' म्हणतात. तिथे उभा राहणारा भूल देणारा डॉक्टर कधीचा परत गेला. आजची मुलं "डॉक्टरच्या कोपऱ्यात जा रे" असं एकमेकांना ओरडून सांगतात, आणि त्यांच्यातल्या एकानेही त्याला पाहिलेलं नाही. 'बी' संघात एखादा नवा मुलगा येतो, धाव घेताना मधेच अडखळल्यासारखा एक छोटा पाय टाकतो, आणि माझ्या अंगावर काटा येतो, कारण तसा पाय टाकणारा एकजण होता आणि तो आता नागपुरात विमा विकतो. सकाळी समुद्राकडून दमट धुकं येतं, त्यात माणसं नुसती पांढुरकी दिसतात. अशा वेळी मी क्षेत्ररक्षक मोजत नाही. एकदा मोजले होते, ते एकाने जास्त भरले होते. अंपायर असेल, स्कोअरर असेल, मी चुकलो असेन. पुन्हा मात्र मोजले नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. 'बी' संघात सांगलीकडचा एक तरुण होता. स्वभावाने गोड, पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन मॅट अंथरणारा, आणि क्रिकेटच्या नावाने आनंद. बॅट धरायचा ती अंगण झाडायला निघाल्यासारखी. झेल त्याच्या हातात यायचे आणि हातातून जायचे. तो व्हॉल्व्हच्या वर्कशॉपमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरकडून कामाला होता आणि त्या कॉन्ट्रॅक्टरचं काम वर्षअखेरीला संपत होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी काळी जीभ लागत नव्हती.

संघ जाहीर करायच्या आठवड्यात त्याची बायको आमच्या घरी आली. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. माझ्या बायकोला ताई म्हणाली, मला दादा. चार महिन्यांची गरोदर होती, ते अजून दिसत नव्हतं, तिनेच सांगितलं. बराच वेळ तिने इकडचं तिकडचं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तेवढं ह्यांचं नाव घाला की पुढच्या टीमात."

मी तिला समजावून सांगितलं. टीममध्ये नाव असणं आणि नोकरी असणं यांचा काही संबंध नाही, मी पंपांचं प्लॅनिंग करतो, कफील, म्हणजे इथला मालक, कोणाला ठेवतो आणि कोणाला नाही ते मला कळत नाही. लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसं तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"ते मला कळतंय, दादा," ती म्हणाली. "पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलंय, बाळ होईस्तोवर. मागच्या दोन खेपेला..." तिने डब्याचं झाकण दाबून नीट बसवलं. "तुमचं काय जात नाही ना त्यात? घाला मग."

ती गेल्यावर माझी बायकोही तेच म्हणाली. "घाला हो. तुमचं काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं. पण पंधरा म्हणजे पंधरा. एक आत आला की एक बाहेर जातो. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही, पाच मिनिटांत ठरलं. आमचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज, रत्नागिरीचा, माझ्याच वयाचा, त्याच वर्कशॉपमध्ये पण कंपनीच्या पगारावर, माझा इथला सगळ्यात जुना मित्र. त्याची नजर मंदावली होती. आखूड चेंडूला पाय हलत नव्हता. पुढच्या वर्षी त्याला मी वगळणारच होतो, तीन वर्षांचा विचार करणाऱ्या कोणीही वगळला असता. शिवाय तो इतका रुजलेला, की त्याला कशाची भीती? मुलं इथे जन्मली, घरात खोक्याचा पुठ्ठासुद्धा नाही. माझ्या मनात आलं, दोन दिवस शिव्या घालेल, मग माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसेल आणि आम्ही दोघं मिळून तरुणांना नावं ठेवू. मला तर ती कल्पना आवडलीच. गुरुवारी कामावरून आल्यावर मी ग्रुपवर नावं टाकली.

शुक्रवारी तो खेळायला आला नाही, पण मैदानाबाहेर माझ्या गाडीपाशी उभा होता. शिव्या नाहीत, काही नाही. चेहरा धुतल्यासारखा.

"कधी?" त्याने विचारलं.

"काय कधी?"

"माझं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी हसलो, आणि ते हसणं त्याला खोटं वाटलं. मी म्हणालो, "अरे बाबा, तुझा पाय हलत नाही म्हणून काढलंय तुला. क्रिकेट आहे हे."

"पाय गेल्या वर्षीपण हलत नव्हता. मेल्या, तुझ्यासमोर लिस्ट असते."

"माझ्यासमोर पंपांची लिस्ट असते."

"नाय रे." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तोंडाने सांगणार नायस, माहितेय मला. सांगितलंस तर तुझी पण जाईल. म्हणून असं सांगितलंस. मला कळलं. बास."

मी नाही नाही म्हणत राहिलो. जितक्या वेळा नाही म्हणालो तितकी त्याची खात्री वाढत गेली. माझी मान खाली गेली, तर ती शरमेने खाली गेली असं त्याला वाटलं. मी मोठ्याने बोललो, तर आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणून बोलतोय असं वाटलं. त्याच दुपारी मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, सोळावं नाव घातलं. त्याचा एक ओळीचा निरोप आला, "राहू दे रे. मन मोडू नको म्हणून करतोयस."

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको शाळेचा दाखला काढायला फोनवर बोलत होती. फोन ठेवून तिने मला पाणी दिलं. मी तिला म्हटलं, "वहिनी, देवाशपथ सांगतो, मला काही माहीत नाही. त्याला समजवा."

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमची अडचण समजते हो आम्हाला."

त्याने राजीनामा दिला. कोणीतरी बोलावून कागद हातात ठेवण्यापेक्षा आपण आपल्या पायांनी चालत जावं, हा त्याचा विचार. कोकणात लोट्याला एका केमिकल कारखान्यात मावसभावाने शब्द टाकला होता, तिथे जायचं ठरलं. मी त्याच्या मॅनेजरकडेही जाऊन आलो. माणूस जॉर्डनचा, सभ्य. तो म्हणाला, "मला तर तो हवा होता. का जातोय, तुला काही ठाऊक आहे का?" मी काय सांगणार होतो? आमच्या क्रिकेट टीममधून काढलं म्हणून? मी माझ्या टेबलावर येऊन बसलो आणि दिवसभर माझ्याकडून काही काम झालं नाही. संतापही येत होता, त्याचाच. एवढा शिकलेला, इतकी वर्षं मशीन उघडून बघणारा माणूस, आणि एका टीमवरून घर उचलतो.

नोव्हेंबरात ते गेले. विमानतळावर मीच सोडायला गेलो. मुलगी वाटभर खिडकीबाहेर बघत होती. "पप्पा, आय डोन्ट इव्हन नो एनीबडी देअर," एवढंच ती एकदा म्हणाली. तो "होईल, होईल," म्हणाला.

त्याची जागा रिकामी झाली. वर्कशॉपला काम माहीत असलेला माणूस तातडीने हवा होता, आणि असा एकच हाताशी होता. डिसेंबर संपायच्या आत सांगलीच्या तरुणाची कंपनी बदलली, कफील बदलला, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा झाला. तो आता माझ्या मित्राच्या टेबलावर बसतो.

फेब्रुवारीत त्यांना मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर त्याची बायको तिला घेऊन आमच्याकडे आली, माझ्या बायकोने ओटी भरली. मग त्या बाईने ते गाठोडं उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"हिला दादांनी ठेवलंय इथं," ती माझ्या बायकोला म्हणाली. "मला माहीत होतं."

मी त्या पोरीकडे बघत बसलो. तिची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट होती. नाक तेवढं बापाचं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आणि त्याच वेळी मांडीवरून तिला कोणीतरी लगेच उचलावं असं वाटत होतं. जे मी नाही म्हणून सांगत फिरलो तेच झालं होतं. टीममध्ये ज्याचं नाव घातलं तो राहिला, ज्याचं काढलं तो गेला. कुठेही जादू नव्हती, एकेक पायरी मला डोळ्यांनी दिसत होती, आणि म्हणूनच भीती जास्त वाटत होती.

त्यानंतर आमच्याकडे डबे येऊ लागले. चकल्या, बेसनाचे लाडू, एकीने तर चक्क मोदक पाठवले. कोणी काही मागत नाही, नुसतं म्हणतात, "ह्यांची बॅटिंग सुधारलीय बरं का हल्ली." मी क्लबाला सांगितलं, दुसरा कोणी बघा. दुसरा कोणी तयार नाही. मग मी अजून खुर्ची टाकून बसतो. 'बी' संघात या वर्षी दोन मुलं खरंच चांगली आहेत, पण त्यांच्या पुढे नाव लिहायचं म्हटलं की हात थांबतो. ज्याचं लिहीन तो कोणाला उठवून बसेल, हेच डोक्यात येतं.

जाताना माझा मित्र ग्रुपमधून स्वतःच बाहेर पडला होता. जाणारे सगळे पडतात. त्यामुळे त्याच्या टेबलावर कोण बसतं ते त्याला माहीत नव्हतं. कोणीतरी कधीतरी सांगेल, या धास्तीत मी होतो. मीच फोन करावा असं दर शुक्रवारी ठरवायचो.

शेवटी फोन त्याचाच आला. सकाळची वेळ, सामना चालू होता. मी खुर्चीतून उठून थोडा लांब गेलो.

"खेळताय?" तो म्हणाला. "आवाज येतोय रे बॅटचा."

मग तो लोट्याबद्दल बोलला. शिफ्टची नोकरी आहे, बॉस पोरगेला आहे, मुलगी घरात कोणाशी बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत नेते. बायकोला तिथल्या वासाने दमा धरला. हे सगळं तो हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगत होता. मग त्याने विचारलं,

"आमच्या शॉपातले किती गेले रे?"

एकही गेला नव्हता. उलट या वर्षी सगळ्यांची मुदत वाढली होती.

"सांग ना," तो म्हणाला. "नुसतं एवढं सांग, की गेले. मला रात्री झोप येत नाय."

तो काय विचारतोय ते मला कळत होतं. त्याला माणसं मोजायची नव्हती. आपण आपल्या हातांनी घर मोडलं नाही, एवढंच त्याला माझ्या तोंडून हवं होतं.

"गेले," मी म्हणालो. "बरेच गेले."

"आणि माझी पोस्ट?"

समोर सांगलीचा तरुण मिडऑफला उभा होता. चेंडू उंच उडाला होता, तो त्याच्या खाली हात पसरून मागे मागे येत होता. चेंडू हातात पडला आणि निसटला. सगळे एकदम ओरडले.

"बंद केली," मी म्हणालो.

पलीकडे त्याने श्वास सोडलेला ऐकू आला. बराच वेळ धरून ठेवलेला असावा.

"कोणी सोडला रे कॅच?" त्याने विचारलं.

"आहे एक नवीन."

"बरं झालं, तू वेळेवर सांगितलंस," तो म्हणाला. "बायको रोज संध्याकाळी दिवा लावते ना देवापाशी, तेव्हा तुझं नाव घेते. म्हणते, भाऊजींनी आपल्याला वाचवलं."

मी हो म्हणालो.